मोठ्या विद्यापीठात मी का गेले

टेंभुर्णीला आमच्या शेतात दरवर्षी संकरित बी तयार करायला कपाशीचा सीड प्लॉट असायचा. जालन्याच्या कंपनीचा माणूस नर आणि मादी अशा दोन जातींचं बी देऊन जायचा. फुलं लागली की घरातल्या बायापोरी दोन-अडीच महिने त्यातच अडकून पडायच्या. उन्हं कलली की दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादीच्या कळ्या हेरायच्या. अंगठ्याच्या नखानं पाकळी आणि पुंकेसर एका फेऱ्यात सोलून काढायचे, पण आतल्या नाजूक काडीला ओरखडा उठता कामा नये. सकाळी नराची फुलं खुडून आणायची आणि सोललेल्या एकेका कळीवर फिरवायची. मी सातवीपासून हे काम करत होते. माय शेजारणींना सांगायची, "हिचं बोट लागलेलं कळीला कळत बी न्हाई."

त्या कामापायीच मला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली, असं मी पुढं लोकांना सांगत आले. ते खरं आहे. पण दुसरंही एक खरं आहे. त्या कामात बोलावं लागत नसे. मान खाली घालून सरीतून पुढं सरकत राहायचं. कुणी आपल्याकडं बघत नाही, कुणी काही विचारत नाही. मला माणसांपुढं बोलायची लहानपणापासून भीती होती. शाळेत नाव पुकारलं तरी माझ्या तोंडून 'हजर' निघेपर्यंत गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असत.

बारावीनंतर मी जालन्याला बी.एस्सी.ला आले आणि नवीन जालन्यात मामाच्या घरी राहू लागले. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मला एक जोडीदारीण मिळाली. ती जुन्या जालन्यातली. तिचे वडील जिल्दसाज होते. घराच्या पुढच्या खोलीत बसून पुस्तकं, वह्या, दुकानदारांची रजिस्टरं बांधायचे. घरात उर्दू. सातवीपर्यंत शिक्षणही उर्दू शाळेत, मग मराठी. त्यामुळं तिची मराठी जराशी वेगळी, पण ती बेधडक बोलायची. चुकली की स्वतःच हसायची आणि पुढं बोलत राहायची. मी देठाचे काप घ्यायचे, ब्लेडनं, कागदाहून पातळ. ती सूक्ष्मदर्शकात बघून त्यांच्या आकृत्या काढायची. माझे हात आणि तिचे डोळे, असं आमचं तीन वर्षं चाललं. सर प्रश्न विचारायचे तेव्हा उत्तर मी तिच्या वहीत लिहायचे आणि ती उठून सांगायची.

तिला दमा होता. दुसऱ्या वर्षी एकदा प्रयोगशाळेतच तिला जोराचा झटका आला. ओठ निळे पडले. मी तिला उचलून रिक्षात घातलं आणि पुलापलीकडं डॉक्टरांकडं नेलं. संध्याकाळी तिला घरी पोचवलं तेव्हा तिच्या वडिलांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना मैद्याच्या खळीचा वास होता. त्या दिवसापासून मी त्यांना चाचा म्हणू लागले.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली तेव्हा आमच्या सरांनी दोघींना बोलावून घेतलं. निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सर म्हणाले, "एम.एस्सी. करायचीच आहे. औरंगाबादच्या विद्यापीठाचा अर्ज दोघींनी भरा. मोठं आहे, ग्रंथालय मोठं, आपलंच आहे. आणि हा दुसरा एक कागद आहे. पुण्याकडं एक लहानसं खाजगी विद्यापीठ निघालंय. बाराच जागा आहेत. बारा पोरांना सात शिक्षक. बियाण्यांवर, ऊतींवर काम चालतं. प्रवेश परीक्षा आहे, मुलाखत आहे. एकाची फी माफ करतात, जो पहिला येईल त्याची."

बाहेर आल्यावर तिनं तो दुसरा कागद माझ्या हातात दिला. "हा तू भर. पुणं माझ्या नशिबात न्हाई. अब्बा औरंगाबादलाच कसेबसे तयार झाले, ते बी तू सोबत हायेस म्हणून."

चाचांची अट मला ठाऊक होती. ते शिक्षणाच्या विरोधात मुळीच नव्हते. उलट बांधायला आलेली पुस्तकं ते आधी लेकीला वाचायला द्यायचे आणि मग शिवायचे. पण तिला एकटीला परगावी ठेवायला ते तयार नव्हते. "रात-बेरात साँस अटक गई तो उसके पास कौन है?" एवढंच ते विचारायचे. उत्तर असलंच तर ते मी होते.

मी पुण्याचा अर्ज भरला, तो सरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून. लेखी परीक्षा औरंगाबादला झाली. ती मला सोपी गेली, कारण कागदावर लिहायला मला कधीच भीती वाटली नाही. जूनच्या शेवटी मुलाखतीचं बोलावणं आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन पुण्याला गेले.

ते विद्यापीठ म्हणजे तीन बैठ्या इमारती, मागं काचेचं एक घर आणि समोर भाजीचे वाफे. अण्णा बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. आत तिघं जण होते. दोन पुरुष आणि पिकल्या केसांच्या एक बाई. पहिला प्रश्न इंग्रजीतून आला. मला उत्तर येत होतं, पण ते तोंडून निघेना. दुसरा प्रश्न आला. मी टेबलाच्या कडेकडं बघत राहिले. एका गृहस्थांनी माझा कागद पुन्हा बघितला, बहुधा मार्क खरे आहेत का हे पाहायला. मग त्या बाई म्हणाल्या, "मराठीत सांगा." तरी मला बोलता येईना. त्या बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि वाफ्यातून भेंडीची एक कळी तोडून घेऊन आल्या. माझ्यासमोर ठेवली. "उद्या उमलेल अशी कळी आहे. हिचे पुंकेसर काढून दाखवा. चिमटा देऊ का?"

मी मानेनंच नको म्हटलं. अंगठ्याच्या नखानं कळी सोलली आणि टेबलावर ठेवली. दहाएक सेकंद लागले असतील. बाईंनी ती भिंगाखाली धरली, शेजाऱ्याला दिली. मग बाई म्हणाल्या, "बोलायला आम्ही शिकवू. इथं बारा जणच असतात, न बोलून चालतच नाही. दर शनिवारी प्रत्येकाला उभं राहून आठवड्याचं काम सांगावं लागतं."

त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. मला मात्र त्या क्षणी घाम फुटला. येताना मी एका उघड्या दारातून त्यांचा वर्ग पाहिला. एक गोल टेबल आणि त्याभोवती बारा खुर्च्या. मागची रांग नव्हतीच. कुठंही बसलं तरी सगळ्यांना आपलं तोंड दिसणार.

पंधरा दिवसांनी टेंभुर्णीला पत्र आलं. निवड झाली होती, फीही माफ. वसतिगृह आवारातच होतं. त्याच आठवड्यात औरंगाबादच्या यादीत आम्हा दोघींची नावं लागली.

अण्णांनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. माय चुलीपाशी होती, पण कान इकडंच. अण्णा म्हणाले, "मला यातलं कळत न्हाई. ती बाई मला बाहेर येऊन म्हणाली, पोरगी हुशार हाये, पाठवा. औरंगाबाद जवळ हाये हे बी खरं. तू जिकडं म्हणशील तिकडं मी सोडायला येतो. पण तूच सांग. पुन्हा म्हणशील अण्णांनी ढकललं."

आमच्याकडं मुलीला असं विचारायची तेव्हा फार रीत नव्हती. त्यांनी विचारलं हे त्यांचं मोठेपण, पण त्या वेळी मला वाटलं की यांनी सरळ हुकूम केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं जालन्याला आले आणि थेट जुन्या जालन्यात मैत्रिणीच्या घरी गेले. चाचा एका जाडजूड पोथीची पानं शिवत होते. मी पत्राचं सांगितलं. सुई हातातच ठेवून ते म्हणाले, "मुबारक, बेटी. बहुत बड़ी बात है. तू जा. बिलकुल जा."

"आणि ही?" मी विचारलं.

"हिचं बघू. जालन्यात बी.एड. हाये. घरून जाऊन करेल."

मैत्रीण आतल्या दारात उभी होती. ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तू जा. मी रडून राह्यले ते तुझ्यामुळं न्हाई. माझं मला रडू येऊन राह्यलं. पण तू जा, जल्दी पत्र लिही त्यांना, न्हाई तर जागा दुसऱ्याला देतील."

एकदाही तिनं 'थांब' म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आठ दिवस मी मामाच्या घरी काढले. रोज पत्र लिहायला बसायचे. 'मी येत आहे' असं लिहायला घेतलं की ते गोल टेबल डोळ्यांपुढं यायचं आणि मी कागद मिटून ठेवायचे. नवव्या दिवशी मी टेंभुर्णीला गेले आणि अण्णांना म्हटलं, "मी औरंगाबादला जाते. मी न्हाई गेले तर तिचं शिक्षण सुटतं."

हे बोलताना माझा आवाज अजिबात अडकला नाही. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं." मायनं डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आळीत पसरली. मैत्रिणीसाठी पोरीनं पुण्याची जागा सोडली, तीही फी माफ असलेली. जो तो माझं कौतुक करू लागला. सरांनी मात्र ऐकून फक्त मान हलवली. "पुण्याला तसं कळव," म्हणाले. ते पत्र लिहायलाही मी उशीर केला. लाज वाटत होती. ऑगस्ट लागल्यावर ते टपालात पडलं.

चाचांना सांगायला गेले तेव्हा ते उठून उभे राहिले. आपल्याहून मोठं माणूस आपल्यासाठी उभं राहतं तेव्हा काय वाटतं ते मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, "जब तक जिऊँगा, तेरे लिए दुआ करूँगा."

औरंगाबादला आम्हा दोघींना वसतिगृहात एकच खोली मिळाली. मला ते विद्यापीठ आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मागं डोंगर, रुंद रस्ते, जुनी झाडं. वर्गात पन्नासाहून अधिक मुलं. परभणीची, बीडची, नांदेडची, कुणी ऊसतोडीवरून येऊन शिकणारी, कुणी नोकरी सांभाळून. ग्रंथालयात दिवसभर बसलं तरी कुणी विचारत नसे. मागच्या रांगेत माझी जागा ठरून गेली. हजेरीचा कागद फिरायचा, त्यावर सही केली की झालं. पहिल्या तीन महिन्यांत मी वर्गात एक शब्द बोलले नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला वाटायचं, सुटले.

मैत्रिणीचं उलटं झालं. ती पहिल्या रांगेत बसू लागली. तास संपला की प्राध्यापकांच्या मागं मागं जाऊन प्रश्न विचारायची. मुलं तिच्या बोलीची नक्कल करायची, ती त्यांच्याबरोबर हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. दर महिन्याला चाचांकडून कुणाच्या तरी हाती दोन जाड वह्या यायच्या, कापडी पाठीच्या, हातानं शिवलेल्या. एक लेकीला, एक मला. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उर्दूत काहीतरी लिहिलेलं असायचं. मैत्रिणीनं एकदा वाचून दाखवलं होतं: अल्ला हिला आनंदात ठेवो. नंतर मी तिला वाचायला सांगणं सोडलं. त्या वह्यांत लिहिताना मी पहिलं पान चटकन उलटायचे.

दिवाळीच्या आधी प्रत्येकाला एका विषयावर वर्गापुढं वीस मिनिटं बोलायचं होतं. माझा दिवस बुधवारी होता. मंगळवारी मी अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिले. बुधवारी उठलेच नाही. मैत्रीण वर्गात गेली, माझी तारीख पुढं ढकलून घेऊन दुपारी परत आली. आल्या आल्या तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाई तुला."

मी तोंड भिंतीकडं केलं. ती समोरच्या खाटेवर बसली. वहीचा दोरा बोटाला गुंडाळत ती शांतपणे म्हणाली, "एक गोष्ट विचारू? खरं सांगशील?"

"काय?"

"तू इथं माझ्यासाठी न्हाई आलीस ना?"

मी उठून बसले. "मंग कुणासाठी आले? पुणं सोडलं ते काय—"

"मी तुला थांब म्हटलं व्हतं का? एकदा तरी? तू तिथल्या त्या टेबलाला भिऊन आलीस. मुलाखतीहून येऊन त्या टेबलाचं सांगत व्हतीस त्या दिवशीच मला तुझ्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, जाऊ दे, तुला बी बरं, मला बी बरं. माझा तर फायदाच झाला. मी कशाला बोलू? पण तू सगळ्या हॉस्टेलला सांगत फिरतेस. परवा त्या बीडच्या पोरीला सांगितलंस, हिच्यासाठी मी पुणं सोडलं. ती माझ्याकडं अशी बघून राह्यली, जशी मी तुझं काही चोरलंय." तिचा श्वास लागायला लागला होता. मी तिची औषधाची नळी शोधायला उठले तर तिनं हातानं थांबवलं. "बस. मी ठीक हाये. अब्बा दर नमाजला तुझं नाव घेतात. मला ते ऐकू येतं. मला सहन होत न्हाई ते."

एवढं बोलून ती तोंड धुवायला निघून गेली. मी खाटेवर बसून राहिले. तिचं काहीही खोटं नव्हतं. सगळ्यात वाईट हे होतं की मी स्वतःलाही तीच गोष्ट सांगत आले होते आणि ती मला आवडत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जायच्या आधी जुन्या जालन्यात उतरले. मैत्रीण बाजारात गेली होती. चाचा एकटेच पुढच्या खोलीत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. मुलाखत, खुर्च्या, आठ दिवस, आणि मी जे कारण सांगितलं ते कसं आयतं हाताशी होतं, हेही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसासमोर एवढं सलग बोलत होते. ते पुठ्ठ्यावर खळ लावत होते. माझं संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. कापड चिकटवलं, हाडकाच्या पट्टीनं सुरकुती काढली, वर वजन ठेवलं. मग म्हणाले,

"ये बात तेरे दिल में थी, बेटी. अब तूने मेरे दिल में रख दी."

मग ते मराठीत आले, माझ्याशी लांब काही बोलायचं असलं की ते मराठीतच बोलायचे. "चार महिने झाले, मी तुझं नाव घेतो. घेताना मला बरं वाटायचं. वाटायचं, दुनियेत अशी बी पोरं हायेत. आता तू हलकी झालीस. चांगलं झालं. पण मी उद्या नाव घेताना काय करू, ते तू सांगितलं न्हाई."

मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर 'असू दे' म्हणून डोक्यावर हात ठेवतील. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी पुढचा पुठ्ठा घेतला. "आत जा," म्हणाले, "चहा झाला असेल."

मी आत जाऊन चहा प्याले. चाचीनं, मैत्रिणीच्या आईनं, बळंच बशीत दोन शंकरपाळ्या ठेवल्या, शेजारच्यांकडून आलेल्या. त्या मी रुमालात बांधून घेतल्या. टेंभुर्णीच्या एसटीत बसल्यावर मला कळलं की खरं सांगणं हेसुद्धा मी माझ्याचसाठी केलं होतं.

सुट्टीनंतर मैत्रीण आली तेव्हा तिच्या पिशवीत नेहमीसारख्या दोन वह्या होत्या. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर नेहमीसारखं लिहिलेलं होतं. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

माझी ढकललेली तारीख आली. मी उभी राहिले. चांगली बोलले असं म्हणता येणार नाही. पहिली दोन मिनिटं कुणाला ऐकूच आलं नाही, मागून कुणी तरी "आवाज, आवाज" ओरडलं. वर्ग हसला. पहिल्या रांगेत ती बसली होती. ती हसली नाही आणि मला मदतही केली नाही. वीस मिनिटांचं मी अकरा मिनिटांत संपवलं. पण त्यानंतर मी दुसऱ्या रांगेत बसू लागले. दोन वर्षांत मी बोलायला शिकले, पण त्याला फार वेळ लागला. त्या गोल टेबलाशी ते कदाचित दोन महिन्यांत झालं असतं. कदाचित मी तिथून पळून आले असते. दोन्ही शक्य आहे.

त्या दोन वर्षांत तिला तीनदा मोठे झटके आले. तीनही वेळा मी सोबत होते. हे मी कुणाला सांगत फिरले नाही.

एम.एस्सी.त ती विद्यापीठात वरच्या नंबरांत आली. पुढं पात्रता परीक्षा देऊन नांदेडकडं प्राध्यापक झाली, तिकडंच तिचं लग्न झालं. मी जालन्याला एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. बी उगवतं की नाही, शंभरात किती उगवतं, हे तपासायचं काम. मला ते मनापासून आवडतं.

नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. कंपनीनं संकरित बियाण्यांवर एक दिवसाचं चर्चासत्र ठेवलं होतं, त्यात पुण्याहून एक पाहुण्या येणार होत्या. त्या गाडीतून उतरल्या आणि मी ओळखलं. केस आता पूर्ण पांढरे. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. दुपारी जेवताना मी त्यांच्या शेजारी बसले. बोलता बोलता म्हणाल्या, "आता आमच्याकडे चाळीस मुलं असतात. सुरुवातीला बाराच घ्यायचो. एका वर्षी तर अकराच होती. एका मुलीसाठी जागा राखून ठेवली होती, तिचं नाही म्हणून पत्र आलं तोवर वर्ग सुरू झाले होते. मग ती खुर्ची वर्षभर तशीच राहिली."

मी घास खाली ठेवला. "बाई, ती मुलगी मी."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझ्या हातांकडं. "पत्रात मैत्रिणीचं कारण होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"कशी आहे मैत्रीण?"

"बरी आहे. प्राध्यापक झाली."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि भाताकडं वळल्या. त्यांना खरं कारण सांगावं असं फार वाटलं. चाचांचं बोलणं आठवलं आणि मी गप्प बसले. पण घरी आल्यावर मला राहून राहून वाटत होतं, माझ्यानंतर यादीत कोण होतं? कुठल्या गावची, कुठला? मी आठ दिवसांत पत्र टाकलं असतं तर त्या खुर्चीवर कोण बसलं असतं? याचं उत्तर मला कधी मिळणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी चाचा गेले. पडून राहिले नाहीत. काम करता करता एका सकाळी छातीत कळ आली. मैत्रीण नांदेडहून पोचली तोवर त्यांना दफनाला नेलं होतं. मी कंपनीतून परस्पर गेले. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, गल्लीतल्या, नात्यातल्या. मी कोपऱ्यात बसायला लागले तर चाचीनं मला हाताला धरून जवळ ओढलं आणि रडत रडत सगळ्यांना सांगू लागली,

"यही है वो बच्ची. माझ्या पोरीसाठी हिनं आपली पुण्याची जागा सोडली. ते आखिर तक बोलत व्हते, ही न्हाई आली असती तर आपली पोर शिकली नसती. आज सुबह फज्र की नमाज में भी इसका नाम लिया."

एवढ्या वर्षांत चाचांनी माझं खरं कारण घरात सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा. मी दिलेलं त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं होतं आणि माझं नाव घेणंही सोडलं नव्हतं.

मी समोर पाहिलं. मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, आणि माझ्याकडंच बघत होती. मी बोलते का, हे बघत असावी. मी बोलले नाही. चाचीच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला आणि तशीच बसून राहिले. बायका मला दुवा देत होत्या, त्या मी ऐकून घेतल्या.

थोड्या वेळानं मैत्रीण उठली. तिचा श्वास लागला होता. आम्ही दोघी मागच्या मोरीपाशी गेलो. तिनं औषध ओढून घेतलं आणि दम परत येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "अम्मीनं सकाळपासून काही खाल्लं न्हाई. तुझ्या हातून खाईल. चल."

मी ताट वाढून घेतलं आणि आत गेले.